मुखातील दुर्मीळ स्वयंप्रतिकार रोग 'पेम्फिगस व्हल्गॅरिस' : निदान व उपचार (गोंदिया जिल्ह्याच्या विशेष संदर्भात)

सारांश

शरीराची प्रतिकारसंस्था स्वतःच्याच पेशींविरुद्ध कार्य करू लागल्यामुळे जे रोग उद्भवतात त्यांना स्वयंप्रतिकार रोग असे म्हणतात. पेम्फिगस व्हल्गॅरिस हा त्यांपैकी एक दुर्मीळ परंतु गंभीर रोग होय. निम्म्याहून अधिक रुग्णांत या रोगाचा प्रारंभ त्वचेवर न होता मुखात होतो. मुखातील जखमा साध्या तोंड येण्यासारख्या भासत असल्यामुळे निदानास अनेकदा कित्येक महिन्यांचा विलंब होतो. विदर्भात, विशेषतः झाडीपट्टीत, खर्‍याच्या व्यसनाचे प्रमाण मोठे असल्यामुळे मुखातील प्रत्येक जखमेचे कारण खर्‍यातच शोधले जाते व हा विलंब अधिक वाढतो. प्रस्तुत लेखात या रोगाचे स्वरूप, निदानाच्या पद्धती, उपचारांचा विकास व त्यातील भारतीय योगदान यांचा परामर्श घेतला असून, 'दोन आठवड्यांत भरून न येणार्‍या जखमेचे ऊतिपरीक्षण' हाच निदानाचा खरा प्रारंभबिंदू आहे असे प्रतिपादन केले आहे.

बीजसंज्ञा : स्वयंप्रतिकार, प्रतिपिंड, डेस्मोग्लिन, ऊतिपरीक्षण, पल्स उपचार, रिटुक्सिमॅब, खर्रा.

प्रस्तावना

तोंड येणे ही आपल्याकडे रोग मानली जाणारी बाब नाही. 'उष्णता झाली', 'पोट साफ नाही', 'जागरण झाले' अशी कारणे सांगून घरोघरी तिच्यावर उपाय केले जातात. जाईची पाने चावणे, ज्येष्ठमध चघळणे, तूप लावणे हे उपाय पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेले आहेत. त्यांच्या जोडीला आता औषधाच्या दुकानातून आणलेल्या बी-कॉम्प्लेक्सच्या गोळ्या व तोंडात लावण्याचे मलम आले आहे. बहुतांश वेळा आठ-दहा दिवसांत तोंड बरे होते आणि कोणत्याही उपायाला त्याचे श्रेय मिळून जाते.

परंतु काही थोड्या व्यक्तींचे तोंड बरे होत नाही. एक जखम भरते न भरते तोच दुसरी उघडते. तिखट तर दूरच, साधा भात गिळणेही असह्य होते. वजन घटू लागते. असा रुग्ण औषध दुकानदार, गावातील डॉक्टर, दंतवैद्य, घशाचे डॉक्टर अशी वाटचाल करीत राहतो आणि काही महिन्यांनी अंगावर फोड आल्यावर त्वचारोगतज्ज्ञापर्यंत पोहोचतो. अशा रुग्णांपैकी काहींना पेम्फिगस व्हल्गॅरिस हा रोग असतो.

प्रस्तुत लेखक वैद्यकीय व्यावसायिक नाही. गोंदिया शहरालगतच्या फुलचूर परिसरात राहणारा व अध्यापन क्षेत्रात कार्य करणारा एक शिक्षक या नात्याने, उपलब्ध वैद्यकीय ज्ञान महाविद्यालयीन प्राध्यापकांपर्यंत सुबोध भाषेत पोहोचविणे एवढाच येथील हेतू आहे. येथे दिलेली औषधांची माहिती ही समजून घेण्यासाठी आहे, स्वतः उपचार करण्यासाठी नव्हे, हे प्रारंभीच नमूद करणे आवश्यक वाटते.

लेखाची उद्दिष्टे

१) पेम्फिगस व्हल्गॅरिस या रोगाची कारणमीमांसा स्पष्ट करणे.
२) या रोगाचा प्रारंभ मुखातच का होतो याचे विवेचन करणे.
३) निदानाच्या पद्धती व त्यात होणार्‍या विलंबाची कारणे तपासणे.
४) उपचारांच्या विकासाचा व भारतीय योगदानाचा आढावा घेणे.
५) गोंदिया जिल्ह्यातील परिस्थितीच्या संदर्भात काही सूचना मांडणे.

रोगाची संकल्पना व ऐतिहासिक आढावा

'पेम्फिगस' हा शब्द फोड किंवा बुडबुडा या अर्थाच्या ग्रीक शब्दावरून आला असून अठराव्या शतकात तो फोड येणार्‍या अनेक रोगांसाठी सरसकट वापरला जात असे. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस रशियन वैद्य निकोल्स्की यांनी एक महत्त्वाचे निरीक्षण नोंदविले. अशा रुग्णाच्या वरवर निरोगी दिसणार्‍या त्वचेवर बोटाने दाब देऊन घासले असता वरचा थर सरकून निघतो. आजही हे लक्षण 'निकोल्स्की चिन्ह' या नावाने ओळखले जाते. १९५३ मध्ये वॉल्टर लीव्हर यांनी सूक्ष्मदर्शकीय तपासणीच्या आधारे पेम्फिगस व त्यासारखाच दिसणारा पेम्फिगॉइड हे दोन वेगळे रोग असल्याचे दाखवून दिले. पहिल्यात फोड अभिस्तराच्या आत पडतो, तर दुसर्‍यात तो अभिस्तराच्या खाली पडतो.

हा स्वयंप्रतिकार रोग आहे याचा पुरावा १९६४ मध्ये मिळाला. अमेरिकेतील ब्यूटनर व जॉर्डन यांनी रुग्णांच्या रक्तात अभिस्तराच्या पेशींमधील जागेला चिकटणारी प्रतिपिंडे असल्याचे प्रतिदीप्ती तंत्राने सिद्ध केले. पुढे १९९१ मध्ये अमागाई, स्टॅन्ली व त्यांच्या सहकार्‍यांनी या प्रतिपिंडांचे लक्ष्य असलेले प्रथिन ओळखले. ते प्रथिन आज 'डेस्मोग्लिन ३' या नावाने ओळखले जाते.

आपली त्वचा व तोंडातील अस्तर यांच्या पेशी एकमेकींना डेस्मोसोम नावाच्या सूक्ष्म जोडांनी घट्ट बांधलेल्या असतात. डेस्मोग्लिन हे या जोडातील प्रथिन होय. भिंतीचे उदाहरण घेतल्यास पेशी म्हणजे विटा व डेस्मोग्लिन म्हणजे त्यांना धरून ठेवणारा मसाला. पेम्फिगसमध्ये प्रतिकारसंस्था या मसाल्यावरच हल्ला चढविते. विटा शाबूत राहतात, परंतु एकमेकींपासून सुटतात. त्यांच्यामधील पोकळीत द्रव साचतो व फोड तयार होतो.

प्रतिकारसंस्थेचा असा गैरसमज का होतो याचे पूर्ण उत्तर अद्याप मिळालेले नाही. विशिष्ट आनुवंशिक घटक असणार्‍या व्यक्तींत त्याची शक्यता वाढते. पेनिसिलामाइन व कॅप्टोप्रिल यांसारख्या काही औषधांमुळेही क्वचित हा रोग उद्भवल्याचे आढळते. तथापि हा रोग संसर्गजन्य नाही. एका ताटात जेवल्याने, स्पर्शाने वा रुग्णाची शुश्रूषा केल्याने तो पसरत नाही. ग्रामीण भागात रुग्णाची भांडी वेगळी ठेवण्याचा जो प्रकार घडतो, त्याला कोणताही शास्त्रीय आधार नाही हे निक्षून सांगितले पाहिजे.

प्रारंभ मुखातच का?

या प्रश्नाचे उत्तर डेस्मोग्लिनच्या दोन प्रकारांत दडलेले आहे. त्वचेमध्ये डेस्मोग्लिन १ व डेस्मोग्लिन ३ असे दोन्ही प्रकार पुरेशा प्रमाणात असतात, तर तोंडाच्या अस्तरात प्रामुख्याने डेस्मोग्लिन ३ असते व डेस्मोग्लिन १ चे प्रमाण अल्प असते. रोगाच्या प्रारंभी अनेक रुग्णांत केवळ डेस्मोग्लिन ३ विरुद्धची प्रतिपिंडे तयार होतात. त्वचेत डेस्मोग्लिन १ ती उणीव भरून काढते, त्यामुळे त्वचा टिकून राहते. तोंडाच्या अस्तराला असा पर्यायी आधार नसल्यामुळे ते सुटू लागते. कालांतराने डेस्मोग्लिन १ विरुद्धही प्रतिपिंडे निर्माण झाली की त्वचेवर फोड दिसू लागतात.

या विवेचनाचा व्यावहारिक अर्थ महत्त्वाचा आहे. मुखातील जखमांचा काळ हा अनेक रुग्णांत रोगाचा पहिला टप्पा असतो. या टप्प्यावर निदान झाले तर अंगभर फोड येण्यापूर्वीच उपचार सुरू करता येतात. म्हणून या रोगाच्या निदानात दंतवैद्य व कुटुंबाचे डॉक्टर यांची भूमिका त्वचारोगतज्ज्ञाइतकीच निर्णायक ठरते.

मुखातील लक्षणे

हा फोडांचा रोग असला तरी तोंडात प्रत्यक्ष फोड क्वचितच पाहावयास मिळतो. तोंडातील फोडाचे आवरण अत्यंत पातळ असते व ते घास चावताना फुटून जाते. मागे उरते ती लालसर, ओबडधोबड कडांची, उथळ जखम. गालांची आतील बाजू, टाळू, ओठांचा आतील भाग, जीभ व हिरड्या ही तिची नेहमीची ठिकाणे होत. काहींच्या हिरड्यांचे वरचे पापुद्रे निघतात व ब्रश करताना रक्त येते. रोग घशापर्यंत पसरल्यास गिळताना वेदना होतात व आवाज बसतो. काहींच्या नाकात खपल्या धरतात.

साध्या तोंड येण्यातील व्रण गोल वा लंबगोल, स्पष्ट कडांचा व पिवळसर तळाचा असतो आणि तो एक ते दोन आठवड्यांत भरतो. पेम्फिगसच्या जखमेला असा निश्चित आकार नसतो आणि ती आठवडेच्या आठवडे तशीच राहते किंवा पसरते. हा फरक सामान्य वाचकानेही लक्षात ठेवण्याजोगा आहे.

हा रोग स्त्री व पुरुष दोघांनाही होतो. पाश्चात्त्य देशांत तो बहुधा पन्नाशीनंतर आढळतो, तर भारतात तो तुलनेने लवकर, म्हणजे चाळिशीच्या आसपास व कधी त्याहूनही आधी, होत असल्याचे दिसते. कुटुंबाचा भार वाहणार्‍या वयातच हा रोग गाठत असल्यामुळे त्याचे आर्थिक व सामाजिक परिणामही गंभीर होतात.

दुर्मीळ म्हणजे किती?

केरळमधील त्रिशूर जिल्ह्यात झालेल्या व १९९९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका पाहणीत पेम्फिगसचे प्रमाण दर १० लाख लोकसंख्येमागे वर्षाला सुमारे ४.४ नवे रुग्ण असे आढळले होते. २०११ च्या जनगणनेनुसार गोंदिया जिल्ह्याची लोकसंख्या १३ लाखांहून अधिक आहे. त्रिशूरचे प्रमाण येथे जसेच्या तसे लागू पडेल असे म्हणता येणार नाही. परंतु ते गृहीत धरल्यास आपल्या जिल्ह्यात दरवर्षी पाच ते सहा नवे रुग्ण निर्माण होत असावेत असा स्थूल अंदाज बांधता येतो. ही संख्या एखाद्या डॉक्टरला वर्षानुवर्षे असा रुग्ण न भेटण्याइतकी लहान आहे, आणि कोणत्या ना कोणत्या गावात असा रुग्ण आज असण्याइतकी मोठीही आहे. निदानातील अडचण नेमकी येथूनच सुरू होते.

निदानातील विलंब व खर्‍याचा प्रश्न

तंबाखू, सुपारी व चुना एकत्र घोटून तयार केलेला खर्रा हे विदर्भाचे, त्यातही पूर्व विदर्भाचे, दैनंदिन वास्तव आहे. महाराष्ट्र शासनाने २०१२ मध्ये गुटख्यावर बंदी घातली. तथापि प्लास्टिकच्या पन्नीत बांधलेला खर्रा आजही चौकाचौकांतील पानठेल्यांवर मिळतो. सुपारीमुळे तोंडाच्या अस्तराखाली तंतुमय ऊती वाढून तोंड उघडणे कठीण होते. या व्याधीला १९५३ मध्ये डॉ. एस. जी. जोशी यांनी 'सबम्युकस फायब्रोसिस' असे नाव दिले. तिच्यातून व तंबाखूतून मुखकर्करोगाचा धोका संभवतो हे सर्वज्ञात आहे.

या पार्श्वभूमीमुळे दोन प्रकारच्या चुका घडतात. पहिली चूक खर्रा खाणार्‍या रुग्णाबाबत घडते. त्याच्या तोंडातील जखम पाहताच 'खर्रा सोडा' असा सल्ला दिला जातो. सल्ला योग्यच असतो, परंतु तेथेच विचार थांबतो. खर्रा खाणार्‍यालाही पेम्फिगस होऊ शकतो हे विसरले जाते. दुसरी चूक व्यसन नसलेल्या रुग्णाबाबत, विशेषतः गृहिणींबाबत, घडते. खर्रा नाही म्हणजे कर्करोगाची भीती नाही, आणि कर्करोग नाही म्हणजे काही गंभीर नाही, अशी समजूत करून घेतली जाते व जीवनसत्त्वाच्या गोळ्या महिनोन्‌महिने चालू राहतात.

तिसरे कारण अधिक सूक्ष्म आहे. अनेक ठिकाणी नेमके निदान न करता काही दिवसांपुरत्या स्टेरॉइडच्या गोळ्या वा इंजेक्शने दिली जातात. त्यामुळे जखमा तात्पुरत्या सुकतात, रुग्ण समाधानी होतो आणि औषध थांबताच रोग परत येतो. या चक्रात रोगाचे मूळ रूप झाकले जाते व पुढील तपासण्यांचे निष्कर्षही अस्पष्ट येऊ शकतात.

सदृश व्याधी

मुखात दीर्घकाळ टिकणार्‍या जखमांची इतरही कारणे आहेत. लायकेन प्लॅनसमध्ये गालाच्या आत पांढर्‍या रेषांची जाळी दिसते. श्लेष्मल पेम्फिगॉइडमध्ये हिरड्यांबरोबर डोळ्यांवरही परिणाम होऊन वेळीच उपचार न झाल्यास अंधत्व येण्याचा धोका असतो. नागिणीच्या कुळातील हर्पिस विषाणूचा संसर्ग अचानक, बहुधा तापासह येतो. कँडिडा बुरशी, तुटलेल्या दाताची धार, रक्ताल्पता, औषधांची प्रतिक्रिया व मुखकर्करोग हीही कारणे विचारात घ्यावी लागतात. यांपैकी कित्येकांतील फरक नुसत्या डोळ्यांनी ठरविणे अनुभवी तज्ज्ञालाही कठीण जाते. म्हणून ऊतिपरीक्षण अपरिहार्य ठरते.

निदानाच्या पायर्‍या

१) त्झांक तपासणी : जखमेचा तळ हळुवार खरवडून काचपट्टीवर पसरवितात व रंजकाने रंगवून सूक्ष्मदर्शकाखाली पाहतात. एकमेकींपासून सुटलेल्या, गोलाकार झालेल्या पेशी दिसल्यास पेम्फिगसचा संशय बळावतो. ही तपासणी स्वस्त व त्वरित होणारी आहे. परंतु तिच्यावरून अंतिम निदान करता येत नाही.

२) ऊतिपरीक्षण : स्थानिक भूल देऊन ऊतीचा लहानसा तुकडा काढतात. तो जखमेच्या मध्यातून घेतल्यास तेथील अस्तर आधीच निघून गेलेले असल्यामुळे अहवालात केवळ 'अविशिष्ट दाह' एवढेच येते. म्हणून तो जखमेच्या कडेवरून, निरोगी भागासह घेणे आवश्यक असते. पेम्फिगसमध्ये सर्वांत खालच्या पेशींची ओळ जागेवर उभी राहते व तिच्यावरचा थर सुटलेला दिसतो. पेशींच्या या एकाकी ओळीला वैद्यकीय ग्रंथांत थडग्यांच्या ओळीची उपमा दिलेली आढळते.

३) प्रत्यक्ष प्रतिदीप्ती तपासणी : ही निदानाची सर्वाधिक विश्वसनीय कसोटी मानली जाते. जखमेलगतच्या निरोगी दिसणार्‍या भागाचा दुसरा तुकडा घेऊन त्यावर चमकणार्‍या रंजकाने प्रतिपिंडे शोधली जातात. पेम्फिगसमध्ये पेशींभोवती मासे पकडण्याच्या जाळ्यासारखी चमकदार आकृती दिसते.

४) रक्तातील प्रतिपिंडांची तपासणी : एलायझा पद्धतीने डेस्मोग्लिन १ व ३ विरुद्धच्या प्रतिपिंडांचे प्रमाण मोजता येते. निदानाबरोबरच उपचारांचा परिणाम जोखण्यासाठीही तिचा उपयोग होतो.

येथे एका व्यावहारिक बाबीकडे विशेष लक्ष वेधावेसे वाटते. दुसरा व तिसरा नमुना एकाच वेळी घेतला जातो, परंतु ते दोन वेगळ्या बाटल्यांत ठेवावे लागतात. ऊतिपरीक्षणाचा तुकडा फॉर्मॅलिनमध्ये ठेवतात. प्रतिदीप्तीचा तुकडा फॉर्मॅलिनमध्ये टाकल्यास ती तपासणी निरुपयोगी ठरते; त्यासाठी मिशेलचे द्रावण वापरतात. ते उपलब्ध नसल्यास साध्या सलाइनमध्येही नमुना सुमारे २४ तासांपर्यंत तपासणीयोग्य राहू शकतो. गोंदिया ते नागपूर हे अंतर रेल्वेने काही तासांचे आहे. म्हणजेच गोंदियात घेतलेला नमुना त्याच दिवशी मोठ्या शहरातील प्रयोगशाळेत पोहोचविणे अशक्य नाही. या बाबतीत जिल्ह्याचे दूरपण तितकेसे आड येत नाही. योग्य बाटलीची निवड मात्र आड येऊ शकते.

उपचारांचा विकास

अ) स्टेरॉइडपूर्व व स्टेरॉइड काळ : १९५० च्या दशकापूर्वी पेम्फिगस हा बहुतांशी प्राणघातक रोग होता. जखमांतून होणारा द्रव व प्रथिनांचा र्‍हास, उपासमार व जंतुसंसर्ग यांमुळे बहुसंख्य रुग्ण काही वर्षांतच दगावत. कॉर्टिकोस्टेरॉइड औषधांनी हे चित्र पालटले. तथापि मोठ्या मात्रेत दीर्घकाळ घेतलेल्या स्टेरॉइडमुळे मधुमेह, उच्च रक्तदाब, हाडांची ठिसूळता व जंतुसंसर्ग हे नवे धोके निर्माण झाले. रोग आवरला तरी औषध रुग्णाला पोखरू लागले. स्टेरॉइडची मात्रा कमी करता यावी म्हणून अॅझाथायोप्रिन, मायकोफेनोलेट यांसारखी प्रतिकारशक्ती दाबणारी औषधे जोडीला दिली जाऊ लागली.

ब) भारतीय योगदान : या कोंडीवर एक वेगळा मार्ग दिल्लीच्या अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेत शोधला गेला. डॉ. जे. एस. पसरिचा व डॉ. रामजी गुप्ता यांनी १९८४ मध्ये पेम्फिगससाठी डेक्सामेथासोन-सायक्लोफॉस्फामाइड पल्स उपचारपद्धती प्रसिद्ध केली. या पद्धतीत सलग तीन दिवस १०० मिलिग्रॅम डेक्सामेथासोन शिरेवाटे दिले जाते व त्यांपैकी एका दिवशी ५०० मिलिग्रॅम सायक्लोफॉस्फामाइड दिले जाते. हे चक्र दर २८ दिवसांनी पुन्हा केले जाते आणि मधल्या काळात सायक्लोफॉस्फामाइडची ५० मिलिग्रॅमची गोळी रोज दिली जाते. उपचाराचे चार टप्पे कल्पिलेले आहेत. पहिल्यात जखमा पूर्ण भरेपर्यंत पल्स दिले जातात. दुसर्‍यात जखमा नसतानाही ठराविक महिने पल्स चालू ठेवले जातात. तिसर्‍यात केवळ गोळी दिली जाते. चौथ्यात औषध थांबवून रुग्णावर लक्ष ठेवले जाते.

या पद्धतीचे सामाजिक मूल्य मोठे होते. औषधे स्वस्त होती व सामान्य शासकीय रुग्णालयात देता येत होती. रोजच्या स्टेरॉइडचे कित्येक दुष्परिणाम तीत कमी दिसत आणि औषध कायमचे थांबविता येईल ही आशा रुग्णाला प्रथमच मिळाली. तिच्या मर्यादाही नोंदविल्या पाहिजेत. सायक्लोफॉस्फामाइडमुळे वंध्यत्व येऊ शकते, म्हणून अपत्यप्राप्ती व्हावयाची असलेल्या तरुण रुग्णांत ते टाळावे लागते. तसेच या पद्धतीला मोठ्या अनुभवाचे पाठबळ असले तरी यादृच्छिक तुलनात्मक चाचण्यांचे पाठबळ मर्यादित राहिले.

क) रिटुक्सिमॅब : प्रतिपिंडे तयार करणार्‍या पेशींची पूर्वरूपे असलेल्या बी-लसिकापेशी नष्ट करणारे हे औषध मूलतः लसिकाग्रंथींच्या कर्करोगासाठी १९९७ मध्ये अमेरिकेत मान्यता पावले. २०१७ मध्ये फ्रान्समधील एका तुलनात्मक चाचणीचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. त्यात रिटुक्सिमॅब व अल्पकाळ स्टेरॉइड घेतलेल्या रुग्णांपैकी ८९ टक्के रुग्ण दोन वर्षांनंतर औषधाविना रोगमुक्त अवस्थेत होते. केवळ स्टेरॉइड घेतलेल्यांत हे प्रमाण ३४ टक्के होते. २०१८ मध्ये अमेरिकेत पेम्फिगससाठी या औषधाला मान्यता मिळाली. आज मध्यम व तीव्र रोगात ते प्राधान्याने वापरले जाते. भारतात हैदराबादच्या डॉ. रेड्डीज कंपनीने २००७ मध्ये या औषधाची देशी आवृत्ती उपलब्ध केल्यामुळे किंमत उतरली. तरीही ती सामान्य शेतकरी वा शेतमजूर कुटुंबास जड जाते. शिवाय काही रुग्णांत रोग पुन्हा उद्भवतो व पुढील मात्रा द्यावी लागते.

ड) मुखासाठी स्थानिक उपचार : तोंडातील जखमा त्वचेच्या मानाने उशिरा भरतात, याची रुग्णाला आधीच कल्पना द्यावी लागते. स्टेरॉइडयुक्त मलम, वैद्यकीय सल्ल्याने स्टेरॉइडच्या चुळा, वेदनाशामक जेल व बुरशीविरोधी औषध यांचा उपयोग केला जातो. दातांवरील कीटण काढून घेणे, मऊ ब्रश वापरणे आणि तिखट, आंबट व कडक पदार्थ टाळणे उपयुक्त ठरते. मऊ भात, पातळ वरण, पेज, दूध, केळे असा आहार घेतल्यास पोषण टिकते. खर्रा, तंबाखू व सुपारी पूर्णतः वर्ज्य करणे हे तर ओघानेच आले.

उपचारकाळातील दक्षता

आज या रोगातील मृत्यूंमागे रोगापेक्षा उपचारकाळातील जंतुसंसर्ग हे मोठे कारण असते. म्हणून उपचारापूर्वी रक्तशर्करा, रक्तदाब, क्षयरोग, हिपॅटायटिस बी व एचआयव्ही यांच्या तपासण्या केल्या जातात. हिपॅटायटिस बीचा सुप्त संसर्ग रिटुक्सिमॅबमुळे उफाळून येऊ शकतो, तर सुप्त क्षयरोग स्टेरॉइडमुळे. हाडांच्या रक्षणासाठी कॅल्शियम व ड जीवनसत्त्व दिले जाते.

सर्वांत महत्त्वाची दक्षता रुग्णाच्या हाती असते. जखमा भरल्या म्हणून स्टेरॉइड स्वतःहून एकाएकी थांबविणे धोक्याचे आहे. दीर्घकाळ औषध घेतल्यावर शरीराची स्वतःची स्टेरॉइडनिर्मिती मंदावलेली असते. औषध अचानक थांबल्यास रक्तदाब घसरून जीवावर बेतू शकते. धानाच्या रोवणीच्या वा कापणीच्या हंगामात रुग्णालयाची फेरी चुकणे ग्रामीण कुटुंबात स्वाभाविक असते. त्यामुळे पुढील भेटीची तारीख ठरवितानाच हंगामाचा विचार होणे इष्ट आहे.

गोंदिया जिल्ह्यातील रुग्णासमोरील मार्ग

गोंदियात २०१६ मध्ये शासकीय वैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले असून केटीएस सामान्य रुग्णालय व बाई गंगाबाई महिला रुग्णालय त्याच्याशी संलग्न आहेत. त्यापूर्वी तज्ज्ञ सेवेसाठी येथील रुग्णास प्रामुख्याने नागपूरची वाट धरावी लागे. नागपूर येथे १९४७ पासूनचे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय व १९६८ पासूनचे शासकीय दंत महाविद्यालय असून २०१८ पासून अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थाही कार्यरत आहे. म्हणजे रोगाचे निदान व उपचार करणार्‍या यंत्रणा आज आवाक्यात आहेत. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेतून आपल्या आजारासाठी कोणते साहाय्य मिळू शकते, याची चौकशी अंगीकृत रुग्णालयातील आरोग्यमित्राकडे करता येते.

तथापि यंत्रणा असणे व तेथवर वेळेत पोहोचणे या दोन भिन्न गोष्टी आहेत. सालेकसा, देवरी वा अर्जुनी मोरगाव तालुक्यातील रुग्णाला रुग्णालयाची पहिली चिठ्ठी कोण देणार, हा खरा प्रश्न आहे. येथे महाविद्यालये काही अंशी साहाय्य करू शकतात.

सूचना

१) राष्ट्रीय सेवा योजनेच्या विशेष शिबिरांत होणार्‍या मुखतपासणीत केवळ खर्‍याच्या व्यसनाची नोंद न करता 'दोन आठवड्यांहून अधिक काळ न भरलेली जखम आहे काय?' हा एक प्रश्न सर्वांना, व्यसन नसलेल्यांनाही, विचारला जावा.
२) अशी जखम असणार्‍या व्यक्तीला दंतवैद्यक वा त्वचारोग विभागाकडे पाठविण्याची लेखी चिठ्ठी शिबिरातील डॉक्टरांकडून दिली जावी.
३) निदानापूर्वी स्टेरॉइडचे तात्पुरते उपचार करून न घेण्याविषयी प्रबोधन व्हावे.
४) हा रोग संसर्गजन्य नसल्याची माहिती आशा कार्यकर्त्या, विद्यार्थी व पालक यांच्यापर्यंत पोहोचवावी.
५) विज्ञान शाखेच्या अध्यापनात पेशीजोड व प्रतिकारसंस्था हे घटक शिकविताना या रोगाचे उदाहरण द्यावे. पाठ्यपुस्तकातील डेस्मोसोमचा मानवी जीवनाशी असणारा संबंध त्यातून विद्यार्थ्यांना प्रत्यक्ष कळू शकेल.

निष्कर्ष

पेम्फिगस व्हल्गॅरिस हा एकेकाळी निश्चित मृत्यूचा समानार्थी शब्द होता. प्रतिकारसंस्थेच्या संशोधनाने त्याचे कारण उलगडले, स्टेरॉइडने जीव वाचविले, भारतीय संशोधकांनी स्वस्त व सुटसुटीत उपचारपद्धती दिली आणि रिटुक्सिमॅबने दीर्घ रोगमुक्तीची शक्यता वाढविली. उपचारांची बाजू अशी भक्कम होत असताना निदानाची बाजू मात्र अद्याप पहिल्या काही महिन्यांतच अडखळते. या अडखळण्याचे कारण तंत्रज्ञानाचा अभाव हे जितके आहे, त्याहून अधिक आपली 'तोंड तर येतेच' ही समजूत आहे.

दोन आठवड्यांत न भरणारी जखम कर्करोगाची असू शकते, पेम्फिगसची असू शकते वा निव्वळ तुटलेल्या दाताची असू शकते. ती कशाची आहे हे जखमेच्या कडेवरून घेतलेला ऊतीचा लहानसा तुकडा सांगतो. जो रुग्ण खर्रा खातो त्यालाही व जो खात नाही त्यालाही या तपासणीची सारखीच गरज आहे. तिसर्‍या आठवड्यात तोंड उघडून दाखविणे व ते नीट पाहिले जाणे, एवढ्या साध्या कृतीने आपल्या जिल्ह्यातील या मोजक्या रुग्णांचे कित्येक महिन्यांचे दुःख टळू शकते.